पडून असलेल्या ट्रॅक्टरच्या बॅटरीची निगा

शेतीची यंत्रे वर्षभर सारखी चालत नाहीत. नांगरट व कुळवाच्या पाळ्या आटोपून पेरणी झाली, की पावसाने भिजलेल्या काळ्या जमिनीत ट्रॅक्टरचे चाक घालता येत नाही आणि पुष्कळ ठिकाणी तो दोनतीन महिने छपराखाली उभा राहतो. ऊस वाहणारा ट्रॅक्टर साखर कारखान्याचा गळीत हंगाम संपल्यापासून पुढील हंगाम सुरू होईपर्यंत बहुधा रिकामा असतो. कापणी व मळणी एकदम करणारे हार्वेस्टर यंत्र तर वर्षातील थोडेच आठवडे शेतात असते. घरची जीप किंवा मोटारही कित्येकदा महिनोन्‌महिने दारात उभी राहते. अशा वेळी धनी टायरमधील हवा पाहतो, डिझेलच्या टाकीचे झाकण घट्ट करतो, यंत्रावर ताडपत्री टाकतो. बॅटरीकडे मात्र बहुधा कोणाचे लक्ष जात नाही.

इंजिन बंद असले म्हणजे त्याची झीज थांबते. बॅटरीचे तसे नाही. ती काम करीत नसतानाही तिच्यातील विजेचा साठा हळूहळू कमी होत असतो आणि तो बराच कमी झाल्यावर ती तशीच पडून राहिली, तर कायमची निकामी होते. दावणीचा बैल कामावर नसला म्हणून त्याची वैरण कोणी बंद करीत नाही. उभ्या असलेल्या यंत्राच्या बॅटरीलाही हाच न्याय लागू आहे.

या दुर्लक्षाची किंमत केवळ नव्या बॅटरीच्या पैशात मोजता येत नाही. पावसाने उघडीप दिल्यावर जमिनीला वापसा येतो तो थोड्याच दिवसांचा असतो. नेमक्या त्या सकाळी ट्रॅक्टर सुरू झाला नाही, तर तालुक्याच्या गावाहून बॅटरी आणीपर्यंत वापसा निघून जातो व पेर लांबते. वेळेवर न झालेल्या पेरणीची भरपाई पुढे कोणत्याही खताने होत नाही. म्हणून प्रत्येक ट्रॅक्टरधारकाने पुढे दिलेली माहिती समजून घेणे अगत्याचे आहे.

बॅटरीची रचना व कार्य

वाहनांत सामान्यतः वापरली जाणारी बॅटरी शिसे व गंधकाम्ल यांच्या साहाय्याने वीज साठविते. गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली या प्रकारची पहिली बॅटरी तयार केली. तेव्हापासून तिच्या बांधणीत पुष्कळ सुधारणा झाल्या. परंतु तिचे मूळ तत्त्व आजही तेच आहे.

बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात व प्रत्येक कप्पा दोन व्होल्टहून किंचित अधिक दाब देतो. प्रत्येक कप्प्यात दोन प्रकारच्या प्लेटा एकाआड एक बसविलेल्या असतात. धन प्लेटांवर शिशाच्या डायॉक्साइडचा तपकिरी थर असतो. ऋण प्लेटांवर स्पंजासारखे सच्छिद्र करडे शिसे असते. त्यांच्यामध्ये पाणी मिसळलेले गंधकाम्ल भरलेले असते. बॅटरीतून वीज घेतली जाऊ लागली, की आम्लाचा अंश दोन्ही प्लेटांवर जाऊन तेथे शिशाचे सल्फेट तयार होते आणि द्रवात पाण्याचे प्रमाण वाढत जाते. बॅटरी चार्ज केली, म्हणजे याच्या उलट क्रिया घडते. सल्फेट मोडते, आम्ल द्रवात परत येते आणि प्लेटा पूर्ववत् होतात.

ताजे सल्फेट अतिशय बारीक कणांचे असते व ते सहज मोडते. परंतु बॅटरी उतरलेल्या स्थितीत कित्येक आठवडे राहिली, तर हे कण एकमेकांत मिसळून मोठे व कठीण स्फटिक बनतात. असे स्फटिक पुढे कितीही चार्ज केले तरी पुरते मोडत नाहीत. प्लेटेचा जेवढा भाग त्यांनी व्यापला, तेवढा कामातून गेला असे समजावे. पडून राहिलेल्या बॅटऱ्या निकामी होण्याचे मुख्य कारण हेच होय. सारांश, बॅटरी उतरणे हा दोष लवकर लक्षात आल्यास सुधारता येतो. उतरलेली बॅटरी तशीच ठेवणे हा दोष सुधारता येत नाही.

साठा कमी होण्याची दोन कारणे

पहिले कारण बॅटरीच्या आतच असते. कोणतीही तार जोडलेली नसली तरी प्लेटा व आम्ल यांची क्रिया मंद गतीने चालूच राहते. कॅल्शियम मिसळलेल्या शिशाच्या नव्या पद्धतीच्या बॅटरीत ही घट महिन्याला साधारणपणे ३ ते ५ टक्के असते. अँटिमनी मिसळलेल्या जुन्या पद्धतीच्या बॅटरीत, विशेषतः ती जुनी झालेली असल्यास, हे प्रमाण त्याच्या कित्येक पट होऊ शकते. उष्णतेने ही क्रिया वाढते. तापमान १० अंश सेल्सिअसने चढले, की तिचा वेग सुमारे दुप्पट होतो. म्हणून वैशाखाच्या उन्हात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेली बॅटरी थंड खोलीतील बॅटरीपेक्षा पुष्कळ लवकर उतरते. बॅटरीच्या माथ्यावर साचलेली धूळ व आम्लाची ओल यांच्या मिश्रणातूनही दोन टोकांमध्ये थोडा प्रवाह वाहत राहतो.

दुसरे कारण बॅटरीच्या बाहेर असते. चावी काढून घेतली तरी काही उपकरणे वीज घेतच राहतात. घड्याळ, चोरीचा इशारा देणारा भोंगा, वाहनाचा ठावठिकाणा कळविणारे यंत्र, मागाहून बसविलेले गाण्याचे यंत्र ही त्यांपैकी काही होत. नव्या मोटारींत अशी उपकरणे पुष्कळ असतात. सन २०२० मध्ये २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हा दारात उभ्या राहिलेल्या अनेक मोटारींच्या बॅटऱ्या काही आठवड्यांतच उतरल्या, त्याचे एक मोठे कारण हेच होते.

हा प्रवाह किती अल्प असतो आणि तरीही किती नुकसान करतो, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ट्रॅक्टरची बॅटरी ८० अँपिअर-तासांची आहे व जोडलेली उपकरणे सतत ३० मिलिअँपिअर, म्हणजे एका अँपिअरच्या शंभराव्या भागाची तिप्पट, एवढा प्रवाह घेत आहेत असे धरू. एका दिवसाच्या २४ तासांत ०.७२ अँपिअर-तास खर्च होतील. तीस दिवसांत २१.६ व शंभर दिवसांत ७२ अँपिअर-तास खर्च होतील. म्हणजे आषाढाच्या आरंभी पूर्ण भरलेली बॅटरी आश्विनात जवळजवळ रिकामी झालेली आढळेल. बॅटरीची स्वतःची घट यात धरलेलीच नाही. थेंबाथेंबाने गळणारा माठ रात्रभरात रिता होतो, तसाच हा प्रकार आहे.

यंत्र उभे करण्यापूर्वी करावयाची कामे

यंत्र दीर्घकाळ उभे राहणार हे ठरताच पुढील कामे क्रमाने करावीत.

१. बॅटरी पूर्ण चार्ज करावी. अर्धवट भरलेली बॅटरी ठेवून देणे म्हणजे तिच्यावर सल्फेट चढू देणे होय. शेतातील शेवटचे काम झाले त्या दिवशी इंजिन पुष्कळ वेळ चालले असले तरी साठा पूर्ण असेलच असे गृहीत धरू नये, मोजून पाहावा.

२. इंजिन बंद असताना बॅटरीच्या तारा सोडवाव्यात. इंजिन चालू असताना बॅटरी कधीही सोडवू नये. त्यामुळे वीज निर्माण करणारा अल्टर्नेटर बिघडण्याचा संभव असतो. प्रथम यंत्राच्या सांगाड्याला जोडलेली तार सोडवावी. बहुतेक यंत्रांत ही ऋण टोकाची तार असते. काही फार जुन्या वाहनांत धन टोक सांगाड्याला जोडलेले असते, म्हणून आधी पाहून खात्री करावी. दुसरे टोक त्यानंतर सोडवावे. या क्रमाला कारण आहे. दुसरे टोक आधी सोडविताना पाना चुकून सांगाड्याला टेकला, तर मोठी ठिणगी पडून पाना तापतो व हात भाजतो. नव्या मोटारीची बॅटरी सोडविण्यापूर्वी तिच्या माहितीपुस्तिकेतील सूचना वाचाव्यात.

३. टोके व माथा स्वच्छ करावा. टोकांवर पांढरट किंवा हिरवट बुरशीसारखा थर आला असल्यास खाण्याचा सोडा पाण्यात कालवून त्याने तो धुवावा. सोड्याचे पाणी बुचांतून आत जाणार नाही याची काळजी घ्यावी. नंतर स्वच्छ पाण्याने पुसून कोरडे करावे व टोकांना पेट्रोलियम जेलीचा पातळ लेप द्यावा.

४. पाण्याची पातळी पाहावी. बुचे असलेल्या बॅटरीत द्रव दर्शविलेल्या खुणेपर्यंत असावा. खूण नसल्यास प्लेटांच्या वर सुमारे १० ते १५ मिलिमीटर असावा. कमी असल्यास केवळ बॅटरीचे शुद्ध पाणी, म्हणजे डिस्टिल्ड वॉटर, घालावे. विहिरीच्या, बोअरच्या किंवा नळाच्या पाण्यातील क्षार व लोह प्लेटांना अपाय करतात. पाणी नेहमी चार्जिंग झाल्यावर घालावे, कारण चार्ज होताना द्रव फुगतो व आधीच भरलेला असल्यास बाहेर सांडतो. प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच त्या बुडतील एवढे पाणी आधी घालावे.

५. बॅटरी काढून योग्य जागी ठेवावी. जागा थंड, कोरडी व हवेशीर असावी. चूल, देवघरातील समई, धान्याची कणगी, खते, औषधे आणि जनावरांचा गोठा यांपासून ती दूर असावी. मुलांचा हात पोहोचणार नाही हेही पाहावे. ट्रॅक्टरची बॅटरी वजनदार असते. ती दोघांनी उचलावी व कधीही कलती करू नये.

महिन्याची तपासणी

ठेवलेल्या बॅटरीचा साठा महिन्यातून एकदा मोजावा. त्यासाठी व्होल्ट मोजण्याचे साधे यंत्र पुरते. मोजण्यापूर्वी बॅटरी किमान चारपाच तास, शक्यतो रात्रभर, चार्ज न करता व वीज न घेता ठेवलेली असावी. नुकत्याच चार्ज केलेल्या बॅटरीचा दाब खोटा अधिक दिसतो. बारा व्होल्टच्या बॅटरीबाबत पुढील आकडे ढोबळ मानाने लक्षात ठेवावेत.

१२.६ व्होल्ट किंवा अधिक : साठा पूर्ण.
१२.४ व्होल्ट : सुमारे पाऊण साठा.
१२.२ व्होल्ट : सुमारे निम्मा साठा.
१२.० व्होल्ट : सुमारे पाव साठा.
११.८ व्होल्ट किंवा कमी : बॅटरी रिकामी.

वाचकाने या कोष्टकातील एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. भरलेल्या व रिकाम्या बॅटरीतील अंतर एका व्होल्टहूनही कमी आहे. यंत्राने १२ व्होल्ट दाखविले म्हणजे बारा व्होल्टची बॅटरी ठीक आहे, हा समज चुकीचा आहे. तिच्यात पाव साठाच उरलेला असतो. दाब १२.४ व्होल्टपर्यंत उतरला, की बॅटरी पुन्हा चार्ज करावी. त्याहून खाली जाण्याची वाट पाहू नये.

बुचे असलेल्या बॅटरीत हायड्रोमीटरने द्रवाचे विशिष्ट गुरुत्वही पाहावे. २७ अंश सेल्सिअस तापमानाला पूर्ण भरलेल्या बॅटरीत ते बनावटीप्रमाणे सामान्यतः १.२५० ते १.२८० असते, निम्म्या साठ्याला १.२०० च्या आसपास येते व रिकाम्या बॅटरीत १.१२० च्या जवळ जाते. द्रव तापलेला असल्यास २७ अंशांवरील दर १० अंशांमागे वाचनात ०.००७ मिळवावेत. सहाही कप्प्यांची वाचने लिहून ठेवावीत. एखाद्या कप्प्याचे वाचन इतरांपेक्षा ०.०५० किंवा अधिक कमी आले, तर तो कप्पा सदोष आहे असे समजून जाणकाराला दाखवावे. व्होल्टच्या यंत्राने एकूण दाब कळतो. कोणता कप्पा दुबळा आहे हे हायड्रोमीटरच सांगतो.

पूर्ण बंद असलेल्या बॅटरीत हायड्रोमीटर घालता येत नाही. अशा काही बॅटऱ्यांच्या माथ्यावर रंग बदलणारा डोळा असतो. परंतु तो एकाच कप्प्याची स्थिती दाखवितो. म्हणून तेथेही व्होल्टच्या यंत्रावरच भर द्यावा.

चार्जिंग करताना

बॅटरीच्या क्षमतेच्या दहाव्या भागाइतका प्रवाह देणे सुरक्षित समजले जाते. म्हणजे ८० अँपिअर-तासांच्या बॅटरीला ८ अँपिअर. ती निम्मी उतरलेली असेल तर सुमारे सहा तास लागतात. त्याहून थोडा कमी प्रवाह अधिक वेळ दिल्यास बॅटरीला अपाय होत नाही. घाईने मोठा प्रवाह दिल्यास प्लेटा तापतात व वाकतात. बंद बॅटरीला १४.४ व्होल्टहून अधिक दाब देऊ नये. बुचांच्या बॅटरीत सर्व कप्प्यांतून सारखे बुडबुडे येऊ लागले व तासातासाने घेतलेली तीन वाचने सारखीच आली, म्हणजे चार्जिंग पूर्ण झाले असे समजावे.

चार्जिंगच्या अखेरीस जे बुडबुडे येतात त्यांत हायड्रोजन वायू असतो. हवेत त्याचे प्रमाण केवळ ४ टक्के झाले तरी एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो व आम्ल चेहऱ्यावर उडते. म्हणून चार्जिंग उघड्या हवेशीर जागी करावे. जवळ विडी, काडी, कंदील आणू नये. चिमटे लावताना व काढताना चार्जरचे बटण बंद असावे. आत किती पाणी आहे हे पाहण्यासाठी पेटती काडी कधीही धरू नये, विजेरी वापरावी.

आम्ल अंगावर उडाल्यास ती जागा तत्काळ भरपूर पाण्याने धुवावी. डोळ्यांत गेल्यास पापण्या उघड्या धरून किमान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याची धार सोडावी व लगेच डॉक्टरकडे न्यावे. डोळ्यांत सोडा घालू नये. चार्जिंगच्या जागी पाण्याची भरलेली बादली आधीच ठेवणे हा उत्तम उपाय होय.

वारंवार चार्जिंग करणे गैरसोयीचे असेल, तर साठा पूर्ण होताच दाब आपोआप उतरविणारा छोटा चार्जर बाजारात मिळतो. तो जोडून ठेवता येतो. वीज खात्रीने मिळत नसेल तेथे १० वॅटचा छोटा सौरपट्टही हे काम करतो. चांगल्या उन्हात तो दिवसाला सुमारे दोन अँपिअर-तास देतो व तेवढ्यात पडून असलेल्या बॅटरीची घट भरून निघते. ढगाळ दिवसांत हे प्रमाण बरेच कमी होते, म्हणून महिन्याची तपासणी चुकवू नये. सौरपट्ट व बॅटरी यांच्यामध्ये नियंत्रक मात्र अवश्य बसवावा.

काही रूढ समजुती

आठवड्यातून एकदा पाच मिनिटे इंजिन सुरू केले म्हणजे बॅटरी ठीक राहते, अशी समजूत सर्वत्र आढळते. इंजिन मंद गतीने चालत असता अल्टर्नेटर थोडीच वीज देतो. शिवाय बॅटरीचा शेवटचा पाचवा हिस्सा भरण्यास कित्येक तास लागतात. पाच मिनिटांत तो भरत नाही. थंड इंजिन थोडा वेळच चालविल्याने त्यात पाण्याचा अंश साचतो, हा वेगळा तोटा. इंजिन चालवावयाचेच असेल तर ट्रॅक्टर तासभर प्रत्यक्ष कामाला लावावा.

सिमेंटच्या जमिनीवर बॅटरी ठेवल्यास ती उतरते, असेही सांगितले जाते. पूर्वी बॅटरीची पेटी लाकडाची किंवा कठीण रबराची असे व ती पाझरत असे, तेव्हा या म्हणण्यात तथ्य होते. हल्लीच्या प्लॅस्टिकच्या पेटीला ते लागू नाही. तथापि पावसाळ्यात जमिनीला ओल येते व माथा दमट होतो, म्हणून लाकडी फळीवर बॅटरी ठेवणे चांगलेच.

बॅटरी दुबळी झाली म्हणून तिच्यात आम्ल घालण्याची पद्धत मात्र सर्वथा चुकीची आहे. बॅटरीतून उडून जाते ते पाणी; आम्ल प्लेटांवर सल्फेटच्या रूपाने अडकलेले असते. वरून आम्ल घातल्याने हायड्रोमीटरचे वाचन चांगले दिसते, पण प्लेटा अधिक लवकर कुजतात.

ट्रॅक्टर रिकामा आहे म्हणून त्याची बॅटरी घरच्या दिव्यासाठी किंवा रानडुकरांपासून पीक राखणाऱ्या झटका यंत्रासाठी वापरण्याचा मोह पुष्कळांना होतो. ट्रॅक्टरची बॅटरी थोडा वेळ मोठा प्रवाह देण्यासाठी बनविलेली असते. तिच्या प्लेटा पातळ असतात. रात्रभर थोडी थोडी वीज देऊन रोज रिकामी होणे तिला मानवत नाही. त्या कामासाठी निराळ्या प्रकारची बॅटरी मिळते, तीच वापरावी.

पुन्हा काम सुरू करताना

हंगामाच्या आठ दिवस आधी बॅटरी पूर्ण चार्ज करावी व रात्रभर ठेवून दाब मोजावा. तो टिकला नाही, तर नवी बॅटरी आणण्यास अद्याप वेळ असतो. हा आठ दिवसांचा अवकाश मोलाचा आहे. बसविताना काढण्याच्या उलट क्रम ठेवावा. सांगाड्याची तार शेवटी जोडावी. पट्टा घट्ट आवळावा, कारण धक्क्यांनी प्लेटांवरील द्रव्य झडते. उभ्या यंत्रातील तारा उंदीर कुरतडतात, म्हणून त्याही एकदा पाहून घ्याव्यात.

एवढे करूनही बॅटरी उतरलेली आढळली, तर उतावीळपणा करू नये. खाली उभे राहून स्टार्टरवर पाना किंवा पेचकस आडवा टाकून ट्रॅक्टर सुरू करण्याचा प्रकार अतिशय धोक्याचा आहे. या रीतीने क्लच व गिअरची सुरक्षा वगळली जाते. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असल्यास इंजिन सुरू होताच तो पुढे निघतो आणि समोरचा माणूस मोठ्या चाकाखाली सापडतो. ट्रॅक्टर नेहमी आसनावर बसून, गिअर मोकळा ठेवूनच सुरू करावा. दुसऱ्या वाहनाची मदत घ्यावयाची झाल्यास दोन्ही बॅटऱ्या सारख्या व्होल्टच्या आहेत व दोन्ही यंत्रांत ऋण टोकच सांगाड्याला जोडलेले आहे याची खात्री करावी. मग धन टोक धन टोकास जोडावे. मदत देणाऱ्या बॅटरीच्या ऋण टोकाची तार मात्र बंद पडलेल्या यंत्राच्या सांगाड्याला, बॅटरीपासून दूर, जोडावी, म्हणजे ठिणगी वायूजवळ पडत नाही.

जुन्या बॅटरीची विल्हेवाट

निकामी बॅटरी गोठ्यामागे किंवा बांधावर टाकण्याची सवय घातक आहे. शिसे हे विष आहे. फुटलेल्या बॅटरीच्या प्लेटा गुरे चाटतात व त्यातून त्यांना शिशाची विषबाधा होते. जनावर आंधळे होते, दात खाते, झटके येऊन दगावते. घरी बॅटरी फोडून शिसे वितळविल्यास त्याचा धूर व धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. जुन्या बॅटऱ्यांच्या हाताळणीसंबंधी भारत सरकारने २००१ साली नियम केले होते. त्यांची जागा २०२२ सालच्या नियमांनी घेतली आहे. बॅटरी तयार करणाऱ्यांवर ती परत गोळा करण्याची जबाबदारी त्यांत टाकलेली आहे. नवी बॅटरी घेताना जुनी विक्रेत्याकडे द्यावी. तिच्या शिशाचे मोलही वजा करून मिळते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

या बाबतीत कार्यकर्त्याने व्याख्यानापेक्षा प्रात्यक्षिकावर भर द्यावा. पेरणी आटोपल्यानंतर गावातील ट्रॅक्टरधारकांना एका ठिकाणी बोलवावे आणि त्यांच्यापैकी दोघातिघांच्या बॅटऱ्या त्यांच्यासमोर मोजाव्यात. स्टार्टर फिरतो म्हणून निर्धास्त असलेल्या धन्याच्या बॅटरीत निम्माच साठा उरला आहे असे दिसले, की अधिक सांगावे लागत नाही. व्होल्टचे यंत्र, हायड्रोमीटर व एक चांगला चार्जर एवढे साहित्य प्रत्येकाने घेण्याची गरज नाही. सहकारी संस्थेमार्फत किंवा अवजारे भाड्याने देणाऱ्या केंद्रामार्फत ते गावासाठी सामाईक ठेवता येईल. प्रत्येक बॅटरीवर ती घेतल्याचा महिना लिहावा व जवळ एक वही ठेवून तीत दरमहा तारीख, व्होल्ट व चार्जिंग केले किंवा नाही एवढे तीन रकाने भरावेत. दर अमावस्येला बॅटरी पाहावयाची, असा नेम ठरविल्यास तो सहसा विसरला जात नाही.

ही सर्व कामे मिळून महिन्याला अर्ध्या तासाहून अधिक वेळ घेत नाहीत, आणि चार्जिंग आपले आपण होत असते. तेवढा वेळ जो धनी देईल, त्याच्या ट्रॅक्टरचे इंजिन वापसा येईल त्या सकाळी पहिल्याच फिरकीत सुरू होईल.